आईच्या बोटांवरच्या रेषा

मशीन पुन्हा लाल झालं.

"दुसरा हात द्या," विवाह नोंदणी कचेरीतला कारकून म्हणाला.

आईनं बोटं पदराला पुसली आणि डाव्या हाताचा अंगठा त्या छोट्या काचेवर ठेवला. इतका जोर लावला की नख पांढरं पडलं. दिवा लालच. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग करंगळीसुद्धा. दहाही बोटं झाली आणि दहाही वेळा तो डबा एकच सूर काढत राहिला.

आमच्या मागे दिगंबरकाका नवा कोरा शर्ट घालून उभे होते. शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्यांच्या हातातल्या पिशवीत निशिगंधाचे दोन हार होते. त्यातला एक आईसाठी होता, कारण लग्न आईचं होतं.

या गोष्टीला आता दहा वर्षं होतील. आई तेव्हा बावन्न वर्षांची होती आणि मी सत्तावीस. माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. तेव्हापासून आई बार्शीतल्या एका महिला गृहउद्योगात उडदाच्या पापडाचं पीठ भिजवायची. पापडखाराचं आणि हिंगाचं उकळलेलं पाणी पिठात घालायचं, गोळा मळायचा, कुटायचा, तेलाच्या हातानं लाट्या करायच्या. पहाटे पाचला हात खारात जायचे. एकवीस वर्षं तिचा हाच दिनक्रम होता. आणि दिगंबरकाका म्हणजे नगरपालिकेचे निवृत्त व्हॉल्व्हमन. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं हे तीस वर्षं त्यांच्या हातात होतं, त्यामुळे अख्ख्या गावाला ते ठाऊक होते आणि अर्ध्या गावानं त्यांना शिव्या घातलेल्या होत्या.

"बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत तुमच्या," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "मोबाईलवर नंबर येतो, त्यानं जमतं का बघू."

आधारला जोडलेला आईचा मोबाईल नंबर कधीच बंद पडला होता. तो बदलून घ्यायचा तर तिथंही अंगठाच लागणार होता.

"मग आता?" काकांनी विचारलं.

"बिडीवाल्या, पापडवाल्या बायकांचं हे नेहमीचंच आहे हो. हाताला जरा विश्रांती द्या, काहीतरी क्रीम लावा आणि पुन्हा या. पण एक लक्षात ठेवा, तुमच्या नोटिशीची मुदत बाराव्या दिवशी संपते. ती संपली की सगळं पहिल्यापासून. नवा अर्ज, नवी नोटीस, पुन्हा फळ्यावर महिनाभर."

फळा म्हटल्यावर आईची मान खाली गेली. जिल्ह्याच्या त्या कचेरीतल्या फळ्यावर तिचं नाव लागलं तेव्हा बार्शीतलं कोणी ना कोणी तिथं येऊन ते वाचून जात होतं आणि गावात येऊन सांगत होतं. ती खाली मान घालूनच म्हणाली, "आता परत न्हाई लागायचं माझं नाव त्या फळ्यावर. झालं तर या बारा दिसांत. न्हाईतर न्हाईच."

काकांनी हारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

परतीच्या एसटीत आई आणि मी एका बाकावर बसलो, काका मुद्दाम चार बाकं पुढे. अर्धा रस्ता मागे पडेपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "उजे, मुद्दाम केलंस?"

आता खरं काय ते सांगते. मी पार्लरमध्ये काम करायचे. कोर्स केलेला, भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं. आदल्या संध्याकाळी मी आईला म्हटलं होतं, "नवरी आहेस, असले हात घेऊन जाणार का?" आणि तिचे हात समोर घेऊन अगदी साग्रसंगीत मॅनिक्युअर केलं होतं. साखर आणि लिंबानं घासलं. वजरीनं घासलं. वर पार्लरमधली कातडी सोलणारी पेस्टही फासली. हात गुळगुळीत निघाले आणि मी स्वतःवरच खूश झाले. त्या घासण्यात तिच्या बोटांवर उरलीसुरली जी काही नक्षी होती ती मी धुऊन काढली होती, हे माझ्या गावीही नव्हतं.

गावी नव्हतं, हे नक्की? एसटीत मला तेच कळेना. कारण हे लग्न मला नको होतं. दिगंबरकाका मला आवडायचे, पण ओट्यावर बसून चहा पिणारे काका म्हणून. आई उठून दोन गल्ल्या पलीकडे राहायला जाणार, तिच्या घरात दुसऱ्याच कुणाच्या चपला असणार आणि मी संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरणार, हे चित्र मला बघवत नव्हतं. तोंडानं मी काही बोलले नव्हते. पण दोन महिने भांडी जरा जास्तच आपटत होते, आणि आई बहिरी नव्हती.

"काहीतरीच काय विचारतेस?" मी म्हटलं.

हे उत्तर नव्हतं हे तिला कळलं आणि मलाही. ती पुन्हा खिडकीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी पार्लर उघडण्याआधी मेडिकलच्या दुकानात गेले. तिथले वयस्कर फार्मासिस्ट माझ्या ओळखीचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी माझीच हजेरी घेतली.

"घासलंस? अगं, खारानं कातडीवरचं तेल जातं, तेल गेलं की आतलं पाणी उडून जातं. पाणी गेलं की बोटाचं टोक सुकलेल्या बोरासारखं होतं. त्याला पाणी द्यायचं सोडून तू सोललंस?"

पार्लरमध्ये गिऱ्हाइकांच्या गालांना महागडं सीरम लावताना मी हेच तर पोपटासारखं बोलायचे. हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं, ग्लिसरीन पाणी खेचून घेतं, कोरफडीनं त्वचा शांत होते. रोज दहा बायकांना सांगत होते. ज्या हातांनी मला हा कोर्स करायला पाठवलं त्या हातांना यातलं काही कधी लावावं, हे मला सुचलं नव्हतं.

त्यांनी युरिया घातलेलं क्रीम दिलं, ग्लिसरीनची बाटली दिली आणि व्हॅसलीनची डबी दिली. घरी आल्यावर मी पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि आईला समोर बसवलं. दिगंबरकाकाही आलेले होते.

"हे कशाचं हाय?" आईनं ट्यूब उलटीसुलटी करून विचारलं.

"युरियाचं."

"युरिया? शेतात टाकत्यात त्यो?"

"तसाच, पण औषधातला. कातडी मऊ करतो आणि पाणी धरून ठेवतो."

"टाक की मग," काका म्हणाले. "बघू बोटावर काय पीक येतंय ते."

आई हसू आवरत होती, पण माझ्याशी अजून मोजकंच बोलत होती. मी तिचे हात दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवले, मग टॉवेलनं नुसते टिपले आणि ओले असतानाच क्रीम लावलं. त्यावर पाण्यात कालवलेलं ग्लिसरीन. त्यावर व्हॅसलीनचा थर.

"हात पुसू दे की नीट," आई म्हणाली. "वल्या हाताला काय लावतीस?"

"ओल्यालाच लावायचं असतं. आपल्याकडची हवा कोरडी ठक्क. कोरड्या हाताला नुसतं ग्लिसरीन फासलं तर त्याला ओढायला बाहेर पाणी नसतं, मग ते आतलंच ओढतं. हात आणखी तडतडतात."

काकांनी मान डोलावली. "बरोबर हाय. टाकीत पाणी नसताना पंप लावल्यावर दुसरं काय व्हनार? आन् हे वरचं चिकट कशाला?"

"आतलं पाणी उडू नये म्हणून."

"झाकण," काका म्हणाले. "आमी तीस वर्षं बोंबलत व्हतो, टाकीवर झाकण घाला म्हणून. कोण ऐकतंय!"

नगरपालिकेतून निवृत्त होताना त्यांनी शाईचं एक जुनं पॅड घरी आणलं होतं. ते त्यांनी खिशातून काढलं आणि कॅलेंडरच्या पाठीवर आईचा अंगठा उठवला. निळा डाग पडला. नुसता डाग, त्यात एक रेघ नाही. आम्ही तिघं त्या डागाकडे बघत बसलो.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. क्रीम दिवसातून चार वेळा लावता येत होतं, पण हात खारात गेले की सगळं पाण्यात. आणि एप्रिल महिना, पापडांचा भर हंगाम. गृहउद्योगाच्या सुमनताईंनी स्पष्ट सांगितलं, "कलावती, तुझ्या लग्नाचा मला आनंदच आहे. पण भिजवणारी बाई नसली तर वीस लाटणाऱ्या बायका हात बांधून बसतात. दहा दिवसांसाठी कोणी येत नाही. जी येईल ती कायमची येईल."

आई घरी आली आणि तिनं पहाटेचा गजर लावायला घेतला.

"आई, तू जायचं नाहीस."

"एकवीस वर्षांची जागा हाय ती. माझ्या हातचं पीठ हाय म्हणून त्या पापडाला नाव हाय. लगीन झालं न्हाई तर काय मरतीय का मी?"

तिच्या आवाजावरून मला कळलं की मरणार नाही, पण त्यानंतर हसणारही नाही. मी तशीच चप्पल घालून सुमनताईंकडे गेले आणि परत येऊन सांगितलं, "बदली बाई मिळाली. फक्त दहा दिवसांसाठी. तुझी जागा शाबूत आहे."

"कोण गं?"

"आहे कोणीतरी. नवीन आहे. पीठ बिघडवणार बहुतेक."

पीठ पहिल्या दिवशी खरंच बिघडलं. बदली बाई मीच होते.

आईला हे सांगायची सोय नव्हती. मी दहावीत असताना सुट्टीत एकदा तिच्यासोबत पीठ भिजवायला गेले होते, तर तिनं सगळ्यांदेखत माझे हात धरून परातीतून बाहेर काढले होते आणि म्हणाली होती, "माझ्या लेकीचा हात खारात जायचा न्हाई." तिला कळलं असतं तर ती त्याच पावली परातीपुढे येऊन बसली असती. म्हणून मी थाप मारली की लग्नसराई आहे, पहाटेच्या मुहूर्ताच्या नवऱ्या सजवायच्या आहेत. पाच ते साडेनऊ पीठ, मग पार्लरच्या न्हाणीघरात अंघोळ, मग दिवसभर पार्लर.

हातमोजे घालू का म्हणून मी सुमनताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मोज्यातनं पीठ कळत नाही." खरंच नाही कळत. गोळा कधी सैल आहे, कधी आवळला, हे बोटांच्या टोकांनाच समजतं. तिसऱ्या दिवशी माझी बोटं झोंबायला लागली. पाचव्या दिवशी भाकरीचा गरम तुकडा मोडवेना. सातव्या दिवशी सुमनताई माझ्या गोळ्याला बोट लावून म्हणाल्या, "आता कलावतीची पोरगी शोभतेस." मला त्या प्रमाणपत्राचा जेवढा आनंद झाला तेवढा भिंतीवरच्याचा कधी झाला नव्हता. वीस बायका तिथं होत्या, पण एकीनंही आईच्या कानापर्यंत चकार शब्द जाऊ दिला नाही.

इकडे घरी वेगळाच सोहळा चालला होता. आईनं साबणाला हात लावायचा नाही असा माझा हुकूम होता. म्हणून दिगंबरकाका सकाळी येऊन भांडी घासायचे. बाहेरच्या नळावर, सगळ्या गल्लीसमोर, धोतराचा काचा मारून. समोरच्या घरातून कोणी हसलं तर म्हणायचे, "हसा की! लग्नाआधी नवरा तपासून घेती आमची मंडळी." क्रीम निघून जाऊ नये म्हणून त्यांनी पुतण्याचे शाळेच्या संचलनातले पांढरे हातमोजे आणून दिले होते. ते घालून आई दारात बसायची आणि भांडी कुठं मळकी राहिली ते बोटानं दाखवायची, थेट चौकातल्या वाहतूक पोलिसासारखी.

एकदा मी संध्याकाळी तिला क्रीम लावत असताना ती माझ्या डोक्याजवळ नाक आणून म्हणाली, "तुझ्या केसाला हिंगाचा वास कशापायी येतोय?"

"नवरीच्या घरी फोडणी चालली होती."

"पहाटं?"

"मोठं घर आहे त्यांचं," मी म्हटलं. काका खो खो हसत सुटले. त्यांना बहुतेक सगळं ठाऊक होतं.

रोज संध्याकाळी कॅलेंडरवर अंगठा उठायचा. चौथ्या दिवशीही नुसता डाग. सहाव्या दिवशी डागाच्या कडेला केसासारख्या दोन रेषा दिसल्या. काका कॅलेंडर घेऊन उजेडात धावले.

"उगवलं! कलावती, उगवलं!"

आई पुढे झाली, वाकून त्या रेषा बघितल्या आणि एकदम रडू लागली. मला वाटलं, आनंदानं. ती डोळे पुसत म्हणाली, "लहानपणी माझ्या बोटावर शंख हाय म्हणायचे. मला वाटलं, गेला कायमचा." त्या वेळी पहिल्यांदा मला मनापासून वाटलं की हे लग्न व्हावं. रिकाम्या घराचं काय व्हायचं ते होवो. आई रेषांसकट तिकडे जावी.

दहाव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या कचेरीत होतो. आईनं हातमोजे दारात काढले. कारकुनानं ओळखलं आणि मशीन पुढे सरकवलं. आईनं अंगठा टेकवला. जोर न लावता, अलगद, जसा मी शिकवला होता तसा.

दिवा हिरवा झाला.

काकांनी इतक्या मोठ्यानं "आलं!" म्हटलं की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला. आई नुसती त्या हिरव्या उजेडाकडे बघत राहिली. मग काकांचा अंगठा झाला. मग साक्षीदार. काकांची थोरली बहीण झाली, त्यांचे एक मित्र झाले, तिसरी मी. मी हसत हसत अंगठा ठेवला.

लाल.

"दुसरा ठेवा."

लाल. मी घाईघाईनं सगळी बोटं टेकवून बघितली. दहाही वेळा तोच सूर.

कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही काय काम करता?"

"पार्लरमध्ये असते."

"पार्लरमध्ये?"

मी काही बोलायच्या आत आईनं माझं मनगट धरलं. हात उलटा केला. बोटांची टोकं पांढरी, सोललेली, चकचकीत झाली होती. तिला ते ओळखायला वेळ लागला नाही, एकवीस वर्षं तिनं तसेच हात वापरले होते. तिनं माझी बोटं नाकाजवळ नेली.

"कुणाच्या जागेवर गेलतीस?" तिनं विचारलं.

"तुझ्या."

"पहिल्या दिसापासनं?"

मी मान डोलावली. आता ती रागावणार म्हणून मी तयारीत होते. तिचा चेहरा रागानंच भरून आला होता, पण तो राग तोंडातून बाहेर पडेना.

"आई, ते मॅनिक्युअर मी मुद्दाम नव्हतं केलं गं," मी म्हटलं. "मला तेव्हा कळत नव्हतं मुद्दाम केलं का नाही. आता कळतंय. नव्हतं केलं."

"येडी का खुळी तू," आई म्हणाली. "मुद्दाम करनारीचे हात असे व्हत्यात व्हय?"

कारकून खाकरला. "हे बघा, साक्षीदाराचा अंगठा नाही लागला तरी चालतं. ओळखपत्र दाखवा आणि सही करा."

"न्हाई," आई म्हणाली. "साहेब, थांबा जरा."

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि तिथंच, टेबलाच्या कडेला, माझ्या बोटांवर थोडं थोडं पाणी ओतलं. फरशी ओली झाली, शिपाई काहीतरी म्हणाला, काकांनी त्याला हातानं गप्प केलं. मग तिनं तिची क्रीमची ट्यूब उघडली आणि माझ्या ओल्या बोटांवर क्रीम चोळायला लागली. एकेक बोट, मुळापासून टोकापर्यंत, मी तिला लावायचे तसं. आणि मला कळलं की तिचे हात मऊ आहेत. आईचा हात म्हणजे खरखरीत, हेच मला जन्मापासून माहीत होतं. ताप बघताना कपाळावर, वेणी घालताना मानेवर, सगळीकडे मला तो खरखरीतपणाच आठवत होता. हा हात नवा होता. तो माझा हात सोडत नव्हता.

"नवऱ्याच्या घरी गेले तरी रोज सांच्याला आपल्या घरी येनार," ती माझी करंगळी चोळत म्हणाली. "मी लावून देनार. आन् उद्या पहाटं परातीपाशी मी बसनार, मोजे घालून."

"मोज्यातनं पीठ कळत नाही," मी म्हटलं.

"मला कळंल."

बोटं पुसून मी पुन्हा अंगठा ठेवला. लाल. तर्जनी, लाल. कारकुनानं घड्याळाकडे बघितलं, पण थांबला. डाव्या हाताचं मधलं बोट ठेवलं आणि दिवा क्षणभर लुकलुकून हिरवा झाला.

"झालं बाबा," कारकून म्हणाला. "आता हार घाला पटकन. माझी जेवायची सुट्टी व्हायची आहे."

काका हार घेऊन पुढे झाले तर आईनं त्यांना थांबवलं आणि आधी त्यांच्या नव्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग मान वाकवली. काकांनी इतक्या घाईनं हार घातला की तो तिच्या एका कानाला अडकला, तो त्यांच्या बहिणीनं सोडवला. सगळे टाळ्या वाजवायला लागले, शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा. माझे तळवे नुसते चुरचुरत होते. तरी सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही मी कितीतरी वेळ वाजवतच होते.